पंप मेला नव्हता, हवा अडकली होती

५ वर्षं बिनबोभाट चाललेला माझ्या कॉम्प्युटरचा लिक्विड कूलर (पंपाने द्रव फिरवून प्रोसेसर थंड ठेवणारा) अचानक रुसला. काही न करता प्रोसेसर ६० अंशांवर, आणि गेम उघडला की ९५ गाठून वेग मंदावायचा. आधी प्रोसेसर आणि कूलरमधली, उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट बदलली. फरक शून्य. (सगळे हेच आधी करतात, मीही केलं.)

बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) पंपाचे फेरे व्यवस्थित दिसत होते. मग नळ्यांना हात लावून पाहिला: एक चांगलीच गरम, दुसरी जेमतेम कोमट, रेडिएटर (द्रवातली उष्णता बाहेर टाकणारा भाग) थंडगार. म्हणजे पंप फिरतोय, पण द्रव पुढे सरकत नाही. सुरू करताना गुळगुळ आवाजही यायचा, त्याकडे मी महिनाभर कानाडोळा केला होता.

चूक माझीच. दिसायला छान म्हणून रेडिएटर कॅबिनेटच्या तळाशी बसवला होता. सीलबंद कूलरमधूनही रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडा थोडा द्रव उडतो, आत हवा साठते आणि ती सर्वांत उंच जागी जाऊन बसते. माझ्याकडे ती उंच जागा म्हणजे पंपच!

रेडिएटर काढून कॅबिनेटच्या छताला लावला, पंप पूर्ण वेगावर ठेवला, कॅबिनेट हळूहळू दोन्ही बाजूंना कलवला. थोडा वेळ बुडबुडे वाजले, मग शांतता. आता एरवी ३८, ताणाखाली ७५ अंश.

कूलरच्या आतल्या, द्रव वाहण्याच्या बारीक खाचा गाळाने तुंबल्या असत्या, तर हा उपाय चालला नसता. शिवाय उडालेला द्रव परत येत नाही, आणि माझ्या कूलरला तो भरायला झाकणच नाही. म्हणून एक साधा हवेवरचा कूलर आणून ठेवलाय.