नामवंत वक्ता बोलावताय? या चुका टाळा

डॉक्टर, वकील, सीए, अभियंते, कुठल्याही संघटनेचं वार्षिक अधिवेशन जवळ आलं की कार्यकारिणीत पहिला प्रश्न निघतो, ‘या वेळी मोठं नाव कोणाचं?’ गडबड इथूनच सुरू होते. नाव ठरतं, विषय मात्र ‘आपल्याला योग्य वाटेल तो’ असा पाहुण्यांवर सोडला जातो. मग एखादा मोठा खेळाडू सभागृहभर हृदयरोगतज्ज्ञांसमोर शाळेच्या स्नेहसंमेलनातलंच भाषण करून जातो. त्यात त्याचा दोष नसतो. समोर कोण बसणार आहे, हेच त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून निमंत्रणाच्या पत्रातच नेमका विषय, श्रोते कोण, भाषा, किती मिनिटं, प्रश्नोत्तरं आणि रेकॉर्डिंग होणार का, हे सगळं लिहा. खेळाडूला ‘निवृत्तीच्या वर्षात दुखापत सांभाळताना डॉक्टरांकडून काय हवं होतं’ असं विचारलंत, तर तो दुसरीकडे कुठेच बोलला नसेल असं काही बोलेल.

सगळ्यात जास्त नुकसान कार्यक्रमपत्रिका करते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सचिवांचा अहवाल, प्रायोजकांचे सत्कार, सभासदांच्या गुणवंत मुलांना बक्षिसं, आणि सहाच्या कार्यक्रमात वक्ता माइकसमोर येतो तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. मागच्या रांगा जेवणाकडे निघालेल्या असतात. मला हे पाहुण्याचा अपमान वाटतं, शाल कितीही भारी असली तरी. अहवाल आणि बक्षिसं वेगळ्या सत्रात घ्या. दीपप्रज्वलन आणि सत्कार दहा मिनिटांत आटपा, की लगेच भाषण.

परिचय इंटरनेटवरून उचलू नका. वक्त्याच्या कार्यालयाकडून मागवा आणि सूत्रसंचालकाला दोनदा मोठ्याने वाचायला लावा. एक चूक तर जवळजवळ प्रत्येक पत्रिकेत दिसते: नावाआधी ‘पद्मश्री’ किंवा ‘पद्मभूषण’. हे सन्मान म्हणजे पदव्या नव्हेत, ते नावाच्या आधी किंवा नंतर जोडू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली बालाजी राघवन खटल्यात स्पष्ट केलं आहे. सन्मानाचा उल्लेख परिचयाच्या मजकुरात करा. वकील संघाच्या पत्रिकेवर तरी ही चूक नको.

वक्ता विद्यमान न्यायाधीश असेल तर प्रलंबित प्रकरणांवर प्रश्न घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या न्यायिक मूल्यांनुसार त्यांनी अशा विषयांवर जाहीर मत देणं अपेक्षित नाही. सनदी अधिकाऱ्याला मानधन देणार असाल, तर शासनाच्या परवानगीचं आधी विचारून घ्या. मंत्री येणार असतील तर आचारसंहितेच्या तारखा पाहा, आणि त्यांच्या सुरक्षेबाबत पोलिसांशी वेळेत बोला.

पैशांचं बोलायला संकोच करतात, आणि भांडण तिथेच होतं. मानधन, जीएसटी, प्रवास, सोबत येणारी माणसं, सगळं मेलवर हवं. व्यावसायिक मानधनावर साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो, तेव्हा ठरलेली रक्कम कापण्याआधीची की हातात पडणारी, ते आधीच स्पष्ट करा. खेळाडू किंवा कलाकार असेल तर तो कोणत्या ब्रँडची जाहिरात करतो, तेही विचारा. मागच्या फलकावर त्या ब्रँडच्या प्रतिस्पर्ध्याचा लोगो दिसला, तर जाहिरातीचा करार त्याला तिथे उभं राहू देणार नाही.

विमान उशिरा आलं तर सभासदांचं तांत्रिक सत्र आधी घ्या. त्याचे वक्ते सकाळपासून तयार ठेवा. पाहुणे येणारच नसतील तर कळताक्षणी सभासदांना संदेश पाठवा, सभागृहात बसवून सांगू नका. प्रश्न चिठ्ठ्यांवर घेतले की प्रश्नाच्या नावाखाली होणारी भाषणं टळतात. सेल्फीसाठी भाषणाआधी पंधरा मिनिटांची वेळ ठेवा, आणि भाषण संपल्यावर वक्त्याला गाडीपर्यंत नेण्याची जबाबदारी दोन ठरावीक सभासदांवर द्या. रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकण्याआधी पुन्हा एकदा लेखी परवानगी घ्या. टीडीएस प्रमाणपत्र वेळेत पोचवा. पुढच्या वर्षी त्याच कार्यालयाला फोन करायचा असतो.