अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वं अंगाला लागतील अशी कशी खावीत?

शेंगदाण्याचा कूट डब्यात जास्त दिवस राहिला की खवट लागतो. हवेतला ऑक्सिजन दाण्यातल्या तेलाशी भिडतो, एक रेणू बिघडतो, तो शेजारच्याला बिघडवतो आणि ही साखळी डबाभर पसरते. आपल्या प्रत्येक पेशीचं आवरणही स्निग्ध पदार्थांचंच असतं, त्यामुळे तिथेही हेच घडू शकतं. पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात तेव्हा थोडे फ्री रॅडिकल्स, म्हणजे ही साखळी सुरू करणारे अस्थिर रेणू, बनतातच. सिगारेटचा धूर, कडक ऊन आणि स्वारगेटच्या सिग्नलला तोंडावर येणारा बसचा धूर त्यात भर घालतात.

ही साखळी तोडणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. पेशीच्या आवरणात हे काम मुख्यतः ई जीवनसत्त्व करतं. ते तेलात विरघळतं, म्हणून पेशीच्या आवरणातच बसलेलं असतं. एका बिघडलेल्या रेणूला शांत केलं की ते स्वतः निकामी होतं. मग पाण्यात विरघळणारं सी जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामाला लावतं. तिसरं बीटा-कॅरोटीन, ज्यापासून शरीर ए जीवनसत्त्व बनवतं. याखेरीज शरीराची स्वतःची एन्झाइम्स असतात, त्यांना झिंक, सेलेनियम अशी खनिजं लागतात. फ्री रॅडिकल्स मुळापासून संपवायचे नसतात, कारण आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात. तोल सांभाळायचा, एवढंच.

आता कामाला लागू.

१. पिशवीत काय घ्यायचं

प्रौढ पुरुषाला दिवसाला साधारण 80 मिलिग्रॅम आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व पुरतं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशी सांगतात. आपल्याकडे याचं सगळं श्रेय लिंबाला जातं, पण अर्ध्या लिंबाच्या रसात ते जेमतेम 10 मिलिग्रॅम भरतं. 100 ग्रॅम पेरूत मात्र सुमारे 200 मिलिग्रॅम असतं. थंडीत मंडईत पेरूचे ढीग लागलेले असताना संत्र्याच्या रसाचा खोका विकत घेणं मला तरी पटत नाही. आवळाही तितकाच जोरदार, फक्त तो ताजा खा. आवळा सुपारी उन्हात वाळवताना त्यातलं बरंच सी उडून जातं. हंगामात जास्तीचे आवळे मिळाले तर फोडी करून फ्रीजरमध्ये टाका.

ई साठी मूठभर दाणे, सूर्यफुलाचं किंवा करडईचं तेल. बीटा-कॅरोटीनसाठी गाजर, लाल भोपळा, मेथी, अळू, शेवग्याचा पाला. कोथिंबीरही यातच येते, पण चार काड्या वरून भुरभुरल्याने फार काही साधत नाही. चटणी करा.

२. आधी धुवा, मग चिरा

सी जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं. चिरलेली कोबी पाण्यात ठेवली तर ते त्या पाण्यात उतरतं आणि मोरीत जातं. चिरल्यावर भाजीतलीच एन्झाइम्स ते नासवायला लागतात, म्हणून रात्री चिरून सकाळी फोडणीला टाकलेल्या भाजीत ते कमी उरतं. हल्ली सोसायटीच्या दाराशी चिरलेल्या भाजीची पाकिटं मिळतात. नोकरी सांभाळताना त्यांना नाव ठेवण्यात अर्थ नाही. फक्त त्या दिवशी जेवणात एखादं कच्चं फळ ठेवा.

३. शिजवताना

झाकण ठेवा, पाणी कमी घाला, भाजी मऊ झाली की गॅस बंद करा. पालेभाजी हिरवीगार राहावी म्हणून सोडा घालू नका, त्याने सी जीवनसत्त्व लवकर नष्ट होतं. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट कळकतं हे घराघरांत ठाऊक असतं. तांब्यामुळे सी जीवनसत्त्वही झपाट्याने कमी होतं.

गाजराचं मात्र उलटं आहे. किसून किंवा शिजवून खाल्लं की त्यातलं बीटा-कॅरोटीन जास्त सुटं होतं.

४. थोडं तेल हवंच

ई आणि बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबरच शरीरात शिरतात. गाजराच्या कोशिंबिरीत दाण्याचा कूट आणि वरून चमचाभर फोडणी घालायची आपली रीत त्यामुळे अगदी बरोबर आहे. कूट थोडाच करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. खवट कुटातलं ई जीवनसत्त्व आधीच खर्ची पडलेलं असतं.

५. लिंबू गॅस बंद केल्यावर

पोह्यांवर लिंबू पिळायचं ते ताटलीत. त्यातलं सी जीवनसत्त्व पोह्यांतलं लोह शोषून घ्यायला मदत करतं. लगेच घेतलेला चहा त्याच लोहाला अडवतो. चहा तासभराने घ्या, असं सांगतो खरा, पण पुण्यात हे कोण ऐकणार?

६. गोळ्यांचं काय

हीच जीवनसत्त्वं मोठ्या मात्रेत गोळीतून घेतली तर जास्त फायदा होईल, असं वाटणं साहजिक आहे. संशोधकांनाही तसंच वाटलं होतं. फिनलंडमध्ये सुमारे 29,000 पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीचा निकाल 1994 मध्ये आला. रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी 18 टक्क्यांनी जास्त आढळला. म्हणजे सिगारेट ओढणाऱ्याने गाजर खुशाल खावं, गोळी नको.

सी च्या 1000 मिलिग्रॅमच्या गोळीतला बराच भाग लघवीवाटे निघून जातो. ज्यांना मुतखडा झालेला आहे त्यांनी तर अशा मोठ्या मात्रेपासून लांबच राहावं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ई च्या कॅप्सूल मनाने सुरू करू नका, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. पचनाचा जुना आजार असेल किंवा खाणंच फार कमी झालं असेल, तर गोळी खरोखर लागू शकते. ती कोणती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं, मेडिकलवाल्याने नाही.