यूएसबी-इथरनेट ड्रायव्हरमधल्या मेमरीच्या चुका कशा शोधायच्या, कशा दुरुस्त करायच्या

आधी चाचणीसाठी वेगळा लिनक्स कर्नल बांधा. त्यात जनरिक कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं साधन) आणि डीबग माहिती चालू ठेवा. कासान एक अष्टमांश मेमरी स्वतःच्या हिशोबासाठी अडवतं, म्हणून व्हर्च्युअल मशीनला रॅम सढळ द्या. बूटच्या ओळीत 'कासान_मल्टी_शॉट' घाला, नाहीतर पहिलीच चूक छापली जाते.

यूज-आफ्टर-फ्रीच्या, म्हणजे सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरण्याच्या, अहवालात तीन स्टॅक (फंक्शन कॉलच्या याद्या) असतात: मेमरीला हात कुठे लागला, ती घेतली कोणी, सोडली कोणी. नजर पहिल्यावर खिळते, पण खरा गुन्हेगार बहुतेक वेळा तिसऱ्यात सापडतो.

कासान गप्प आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. एसकेबीमध्ये (कर्नलच्या पॅकेट-बफरमध्ये) पॅकेटच्या डेटामागे, त्याच मेमरी-वाटपात, 'एसकेबी_शेअर्ड_इन्फो' ही बफरच्या हिशोबाची रचना बसलेली असते. लिखाण डेटाच्या टोकापलीकडे गेलं तरी ते वाटपाच्या आतच राहतं, त्यामुळे कासानला काही दिसत नाही. कर्नल कोसळतो तो नंतर, बफर सोडताना, भलत्याच ठिकाणी. म्हणून आलेला बफर उलगडणारं 'आरएक्स_फिक्सअप' फंक्शन ओळ न ओळ वाचायलाच हवं.

'एएक्स८८१७९_१७८ए' ड्रायव्हरमधली सीव्हीई-2022-2964 (सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक) ही याच जातीची चूक. या ड्रायव्हरचा यूएसबी-इथरनेट चिप एका बफरमध्ये अनेक पॅकेटं पाठवतो. शेवटच्या 4 बाइटांत पॅकेटांची संख्या आणि त्यांच्या हेडरांची यादी कुठे सुरू होते ते असतं. दोन्ही आकडे उपकरणाने दिलेले, आणि ड्रायव्हर ते न तपासता वापरत होता. खोटं उपकरण लावलं की वाचन-लिखाण बफरबाहेर. दुरुस्तीत यादीची सुरुवात अधिक संख्या गुणिले 4 ही बेरीज एसकेबीच्या लांबीत बसते का ते पाहिलं जातं, आणि प्रत्येक पॅकेटची पॅडिंगसकट लांबी उरलेल्या डेटाशी ताडली जाते. बसत नसेल तर 0 परत करून पूर्ण बफर टाकून द्यायचा.

तपासणी लिहितानाही घात होतो. लांबी 32 बिटी अनसाइन्ड असेल तर 'लांबी + 4 > एसकेबीची लांबी' ही बेरीज गुंडाळून लहान होऊ शकते. आधी एसकेबीत निदान 4 बाइट आहेत का पाहा, मग उजवीकडून 4 वजा करून तुलना करा.

ॲडॅप्टर उपसल्यावर येणाऱ्या यूज-आफ्टर-फ्रीमध्ये क्रम महत्त्वाचा. आधी 'अनरजिस्टर_नेटडेव्ह' (नेटवर्क इंटरफेस काढणं), मग 'कॅन्सल_वर्क_सिंक' (ड्रायव्हरने रांगेत लावलेलं काम रद्द करणं) आणि टायमर थांबवणं, शेवटी खासगी डेटा सोडणं आणि 'फ्री_नेटडेव्ह'. काम आधी रद्द केलं तर इंटरफेस अजून जिवंत असल्याने मल्टिकास्ट यादी बदलताच ते पुन्हा रांगेत लागतं. मात्र ते काम आरटीएनएल लॉक (नेटवर्क इंटरफेसमधले बदल एका वेळी एकच होऊ देणारा कर्नलचा लॉक) घेत असेल, तर 'स्टॉप' कॉलबॅकमध्ये, म्हणजे इंटरफेस बंद होताना चालणाऱ्या फंक्शनात, त्याची वाट पाहू नका. तिथे तो लॉक आधीच धरलेला असतो, दोघंही अडकतात.

पडताळणीला हार्डवेअर लागत नाही. डमी-एचसीडी (आभासी यूएसबी होस्ट) आणि रॉ-गॅजेट (प्रोग्रामला यूएसबी उपकरणाचं सोंग घेऊ देणारं मॉड्यूल) लावून खोटं उपकरण यूजरस्पेसमधून उभं करता येतं. त्यातून 0 लांबी, सर्वांत मोठी लांबी आणि अर्धवट हेडर पाठवा, आणि पिंगचा मारा चालू असतानाच उपकरण शंभरेक वेळा काढा-जोडा. जुन्या कर्नलवर चूक दिसली पाहिजे, नव्यावर नाही. मगच पॅच द्या. त्यात 'फिक्सेस' ओळीत चूक आणणाऱ्या कमिटच्या खुणेची पहिली 12 अक्षरं लिहा, म्हणजे जुन्या स्टेबल आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना ही दुरुस्ती कुठवर मागे न्यायची ते कळतं.