आपल्या संगणकावर चालते, ग्राहकाकडे अडते: सॉफ्टवेअरला सोशल मीडिया जोडताना या चुका टाळा

लातूरच्या मोंढ्यातील एका आडत दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये मी ‘व्हॉट्सॲपवर भाव पाठवा’ असे बटण बसवून दिले, तेव्हा छत्रपती संभाजीनगरातील माझ्या टेबलावर ते बिनचूक चालत होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी दुकानातून फोन आला, ‘‘साहेब, हरभऱ्याचा भाव जाईना झालाय, तुरीपाशीच तुटायलंय.’’ मुनीमजींनी संदेशात ‘तूर & हरभरा’ असे लिहिले होते. लिंकमध्ये & या चिन्हाचा अर्थ ‘आता पुढची माहिती सुरू’ असा होतो, त्यामुळे तुरीनंतरचा सारा मजकूर व्हॉट्सॲपच्या दृष्टीने संदेशाचा भागच राहिला नव्हता. माझ्या चाचणीच्या मजकुरात ते चिन्ह नव्हते, एवढाच काय तो फरक होता.

लिंकमध्ये जाणारा मजकूर आधी एन्कोड करावा, म्हणजे त्यातील विशेष चिन्हे आणि देवनागरी अक्षरे टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात बदलावीत. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी एन्कोडयूआरआयकंपोनंट हे तयार फंक्शन आहे, तर डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअर बनवण्याच्या चौकटीत एस्केपडेटास्ट्रिंग. हे काम एकदाच करावे, कारण दोनदा केल्यास संदेशात टक्क्यांच्या चिन्हांची रांग दिसू लागते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट्सचे असते आणि एन्कोड केल्यावर त्याची ९ अक्षरे होतात, म्हणून २०० चिन्हांचा छोटा संदेशही लिंकमध्ये १,८०० अक्षरांचा होतो. लांबलचक भावपत्रक लिंकमधून पाठवण्याचा हट्ट त्यामुळेच सोडावा. मोबाइल क्रमांकाचेही तसेच आहे. दुकानाच्या वहीत तो शून्य लावून किंवा मध्ये रेघ मारून लिहिलेला असतो, पण व्हॉट्सॲपच्या लिंकला तो ९१ ने सुरू होणारा, अधिकचे चिन्ह, सुरुवातीचे शून्य, रेघ आणि मोकळी जागा यांपैकी काहीही नसलेला लागतो.

या बटणाने संदेश केवळ लिहून तयार होतो, ‘पाठवा’ मात्र माणसालाच दाबावे लागते. ते दाबणे वाचवण्यासाठी व्हॉट्सॲप वेब आपोआप चालवणाऱ्या अनधिकृत लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) वापरण्याचा मोह अनेकांना होतो. ग्राहकाचा वीस वर्षांचा व्यवसाय ज्या क्रमांकावर उभा आहे तो क्रमांकच त्यामुळे बंद पडू शकतो, तेव्हा हा मार्ग मी स्वतः कधीच सुचवत नाही. मोठ्या प्रमाणावर संदेश पाठवायचे असतील तर व्हॉट्सॲपची अधिकृत बिझनेस सेवा घ्यावी. तेथे संवाद आपण सुरू करायचा असल्यास मंजूर झालेला नमुना संदेशच पाठवता येतो, आणि ग्राहकाने शेवटचा संदेश पाठवल्यापासून २४ तासांपर्यंतच मोकळेपणाने उत्तर देता येते.

लॉगिनचे दुखणे

डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये ‘गूगलने लॉगिन करा’ ही सोय देताना बहुतेक जण फॉर्मच्या आतच एक छोटी ब्राउझर खिडकी उघडतात. डॉटनेटचे जुने वेबब्राउझर कंट्रोल आतून इंटरनेट एक्सप्लोररच असल्याने तेथे पान मोडके दिसते. पण कंट्रोल नवे घेतले तरी प्रश्न सुटत नाही, कारण आतल्या खिडकीतून लॉगिन करण्यास गूगल मुळातच नकार देते. त्यामागे कारण आहे. त्या खिडकीत टाइप केलेला पासवर्ड सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला वाचता येऊ शकतो. ऑक्टोबर २०१७ मधील आरएफसी ८२५२ या इंटरनेटच्या तांत्रिक नियमांच्या दस्तऐवजात योग्य पद्धत सांगितलेली आहे: लॉगिनसाठी संगणकाचा नेहमीचा ब्राउझर उघडावा, उत्तर १२७.०.०.१ या स्वतःच्याच संगणकाच्या पत्त्यावर मोकळ्या पोर्टवर घ्यावे, आणि सोबत पीकेसीई (मध्येच चोरलेला लॉगिन कोड निरुपयोगी करणारी पडताळणी) वापरावे. क्लायंट सीक्रेट, म्हणजे आपल्या ॲपला मिळालेला गुप्त संकेत, सॉफ्टवेअरच्या ईएक्सई फाइलमध्ये लपवल्याचे समाधान मानू नये, कारण डॉटनेटची फाइल उलगडून वाचण्याची साधने फुकट मिळतात. जे खरोखर गुप्त आहे ते सर्व्हरवर ठेवावे, आणि ग्राहकाच्या संगणकावर राहणारे टोकन (लॉगिन झाल्याची डिजिटल खूण) साध्या टेक्स्ट फाइलऐवजी विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये.

वेब ॲप्लिकेशनमध्ये सर्वाधिक वेळ खाणारी चूक म्हणजे रीडायरेक्ट पत्ता, म्हणजे लॉगिननंतर वापरकर्त्याला जेथे परत पाठवायचे तो पत्ता, न जुळणे. एका क्लासच्या निकालाच्या संकेतस्थळावर निम्म्या विद्यार्थ्यांचे लॉगिन होत होते आणि निम्म्यांचे होत नव्हते. मुलांच्या मोबाइलपासून नेटवर्कपर्यंत सगळ्यांना दोष देऊन झाल्यावर लक्षात आले की ज्यांचे होत नव्हते ते पत्त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू टाइप करत नव्हते. नोंदवलेला पत्ता आणि प्रत्यक्ष पाठवलेला पत्ता अक्षरशः एकच असावा लागतो; शेवटची तिरकी रेघ किंवा एचटीटीपीएसमधील एस चुकला तरी दार उघडत नाही. सर्व वाटा सर्व्हरवरच एका पत्त्याकडे वळवल्या की हा प्रश्न कायमचा मिटतो.

याहून फसवे प्रकार चाचणीच्या अवस्थेत लपलेले असतात. फेसबुकचे ॲप डेव्हलपमेंट मोडमध्ये असेल तर त्यात भूमिका दिलेल्या खात्यांनाच लॉगिन करता येते, म्हणून तुमचे होते आणि ग्राहकाचे होत नाही. गूगलचा प्रकल्प ‘टेस्टिंग’मध्ये राहिला आणि नाव, ईमेल व प्रोफाइल यांपलीकडची परवानगी मागितली, तर पुन्हा लॉगिन न करता जोडणी चालू ठेवणारे रिफ्रेश टोकन ७ दिवसांत संपते. सोमवारी बसवून दिलेले काम पुढच्या सोमवारी बंद पडले, तर कोड वाचत बसण्याआधी ती अवस्था तपासावी.

वापरकर्ता ओळखण्यासाठी ईमेल वापरणे ही आमच्या भागात विशेष महागात पडणारी चूक आहे. मोबाइल क्रमांकाने उघडलेल्या फेसबुक खात्याकडून ईमेल येईलच असे नाही, आणि नेट कॅफेवाल्याच्या एकाच ईमेलवर चार-चार मुलांचे अर्ज भरलेले मी स्वतः पाहिले आहेत. गूगलच्या बाबतीत ‘सब’ ही प्रत्येक खात्याची न बदलणारी ओळख आणि फेसबुकच्या बाबतीत त्याने दिलेला आयडी जपून ठेवावा. मात्र फेसबुकचा आयडी प्रत्येक ॲपसाठी वेगळा असतो, तेव्हा दोन ॲपमधील नोंदी त्यावरून जुळवू नयेत.

कोडमध्ये नसलेला दोष

परभणीकडच्या एका दुकानात लॉगिन रोज सकाळी अडायचे आणि दुपारी चालायचे. संगणकाच्या मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली होती, त्यामुळे रात्री वीज गेली की तारीख काही वर्षे मागे जायची आणि ब्राउझरच्या लेखी सुरक्षा प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसायचे. दुपारी कोणीतरी बिलासाठी तारीख दुरुस्त करायचे आणि सगळे सुरळीत व्हायचे. म्हणून ‘कनेक्ट होत नाही’ अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न तारखेचा विचारतो. दुसरा प्रश्न डॉटनेटच्या आवृत्तीचा असतो, कारण ४.५ वर बनवलेले सॉफ्टवेअर टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणीची पद्धत स्वतःहून वापरत नाही आणि आजच्या सेवा त्याखालील जोडणी नाकारतात.

मराठी मजकूर आणि चित्रे

मायएसक्यूएल या डेटाबेसचा जुना ‘यूटीएफ८’ प्रकार एका चिन्हाला ३ बाइट्सच देतो. मराठी त्यात नेमकी मावते, म्हणून चाचणी उत्तीर्ण होते. पण सोशल मीडियावरून येणाऱ्या संदेशांत हात जोडलेला इमोजी असतोच, त्याला ४ बाइट्स लागतात आणि नोंद फेटाळली जाते. पहिल्या दिवसापासून ‘यूटीएफ८एमबी४’ वापरावे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये साठवलेला जुना मजकूर शेअर केल्यास समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, त्यामुळे तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. एक्सवरील २८० ची मर्यादा तपासताना काना-मात्राही मोजली जाते, हेही विसरू नये. ‘क्षि’ (क, पायमोड, ष आणि वेलांटी) तेथे ४ भरते.

पैठणी विकणाऱ्या एका दुकानाची लिंक शेअर केल्यावर गेल्या दिवाळीचीच साडी दिसत होती. फेसबुक पानाची माहिती एकदा वाचून साठवून ठेवते; चित्र बदलले की त्याच्या फाइलचे नावही बदलावे आणि फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये पान पुन्हा वाचायला लावावे. ओपन ग्राफचे टॅग (शेअर करताना दिसणारे शीर्षक व चित्र सांगणाऱ्या पानातील ओळी) सर्व्हरकडून आलेल्या पानातच हवेत, कारण फेसबुकसारख्या सेवांचे हे पान वाचणारे प्रोग्राम जावास्क्रिप्ट चालवतील असा भरवसा धरता येत नाही. चित्राचा पत्ता पूर्ण द्यावा आणि आकार १२०० बाय ६३० पिक्सेल ठेवावा.

ग्राहकाच्या वैयक्तिक फेसबुक भिंतीवर आपोआप पोस्ट टाकण्याचे कबूल करू नये. त्यासाठीची परवानगी फेसबुकने २०१८ मध्येच बंद केली, जुन्या व्हिडिओंत ती अजून शिकवली जात असली तरी. पेजवर मात्र तपासणीअंती परवानगी घेऊन पोस्ट करता येते. नेटवर्क मध्येच तुटले तर पोस्ट गेली की नाही हे तपासल्याशिवाय पुन्हा पाठवू नये, आणि उत्तरात ४२९ हा क्रमांक (विनंत्या फार झाल्याचा इशारा) आला तर थांबावे.

आता मी काही अडल्यावर पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक सूचनेत वेळ, सेवेचे नाव आणि सेवेच्या उत्तराचा क्रमांक मोठ्या अक्षरांत दाखवतो. आडतीवरचे मुनीमजी तेवढेच फोनवर वाचून दाखवतात, आणि निम्म्या वेळा मला लातूरची गाडी धरावी लागत नाही.