दसऱ्यानंतर गाडीने कोकणात जाताय? मग लोणार सोडू नका
नागपूरहून समृद्धी महामार्गाने ७०१ किमी एका दमात मुंबई गाठायचा हट्ट करू नका राजेहो, मेहकरला उतरा आणि लोणारला मुक्काम टाका. सकाळी उजाडताच सरोवराच्या खोल विवरात उतरा, पावसानंतर हिरवंगार असतं, पण ऑक्टोबरचं ऊन नऊ-दहानंतर परत वर चढताना जाम दमवते, पाणी आणि ग्रिपवाले बूट पाहिजेतच. निघायच्या आधी टायर नीट चेक करा, सिमेंटच्या रोडवर स्पीडमध्ये टायर तापतात. पुढे भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत (गाड्या नेणाऱ्या बोटीत) गाडी टाकून मांडवा, मग अलिबाग. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटीची वेळ बघूनच हॉटेल बुक करा, ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते.