गाडी येण्याआधी हातमोजे ठरवा : डिटेलिंगच्या तयारीची यादी

डिटेलिंगला, म्हणजे आतून-बाहेरून बारकाईनं सफाई आणि पॉलिशला, गाडी उद्या सकाळी येणार असेल तर हातमोजे आज संध्याकाळीच काढून ठेवा. पण त्याआधी बाटल्या काढा. शॅम्पू, डांबर काढायचं लिक्विड, आयर्न रिमूव्हर, चाकांचा क्लीनर, इंटिरिअरचा एपीसी (सगळ्या कामाचा क्लीनर), थिनर, पेंटवर लावायचं कोटिंग, जे जे उद्या उघडणार ते सगळं एका ओळीत मांडा आणि लेबल वाचा. ॲसिड आहे, अल्कली आहे की सॉल्व्हंट, एवढं कळलं तरी पुढचं काम सोपं होतं. लेबलवर नीट लिहिलेलं नसेल तर दुकानदाराकडून सेफ्टी डेटा शीट मागा. त्याच्या आठव्या भागात कोणत्या मटेरियलचे हातमोजे लागतात ते दिलेलं असतं. ज्या कॅनवर लेबलच नाही, त्याच्यासाठी हातमोजा निवडताच येत नाही. असा कॅन बाजूला ठेवा.

आता मोजे. रोजच्या कामाला नायट्राईलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे घ्या, पावडर नसलेले. लेटेक्स हाताला छान बसतं, पण डांबर काढायच्या लिक्विडसारख्या पेट्रोलियमच्या मालात ते फुगतं, सैल पडतं, आणि काही जणांना त्याची ॲलर्जी असते. विनाईलचे स्वस्त मोजे डिटेलिंगसाठी नकोच. पावडरवाल्यांची पावडर पॉलिश केलेल्या पॅनलवर उतरते, म्हणून तेही नकोत. जाडी मिलमध्ये लिहिलेली असते. ४ मिल म्हणजे साधारण ०.१ मिलीमीटर, दवाखान्यात वापरतात तसा. पुसायला, कोटिंगला तो चालतो. चाकं, इंजिन बे, डांबर यांना किमान ६ मिल ठेवा, ८ मिळाला तर आणखी बरं. नागपूरच्या दवा बाजारातून डॉक्टरी तपासणीचे पातळ मोजे ठोक भावात आणून सगळं काम त्यातच उरकायचं, हे मला अजिबात पटत नाही. ब्रेक कॅलिपरच्या कडेला तो पहिल्याच फेरीत फाटतो आणि घाईत ते लक्षातही येत नाही.

केमिकलच्या कामाचा लांब, जाड हातमोजा घेताना त्यावर ईएन ३७४ हा युरोपियन मानकाचा आकडा आणि काचेच्या फ्लास्कचं चित्र शोधा. चित्राखालची इंग्रजी अक्षरं म्हणजे तो मोजा कोणकोणत्या रसायनांवर तपासलाय त्याची नोंद. ‘के’ म्हणजे ४० टक्के कॉस्टिक सोडा, ‘बी’ म्हणजे ॲसिटोन, ‘एफ’ म्हणजे टोल्युईन, ‘एस’ म्हणजे ४० टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिड. टाईप ‘ए’चा मोजा निदान सहा रसायनांना अर्धा तास अडवतो, टाईप ‘बी’ तिनांना. नागपुरात घाट रोडवर गाडीच्या ॲक्सेसरीज घ्यायला गेलात तर दुकानदाराला ही अक्षरं दाखवायला सांगा. नुसतं ‘केमिकलवाला’ म्हणून हातात दिलेला मोजा घेऊ नका.

थिनरपुढे नायट्राईल कमी पडतं, हे पक्कं लक्षात ठेवा. ॲसिटोन आणि टोल्युईन असलेला थिनर पातळ नायट्राईलमधून काही मिनिटांत आत येतो, वरून मोजा धड दिसला तरी. ॲसिटोनसाठी ब्युटिल रबर योग्य, पण ते महाग. थेंबभर कामासाठी नायट्राईलच्या दोन जोड्या एकावर एक घाला आणि थिनर लागला की वरची लगेच उतरवा.

सगळ्यात जास्त काळजी चाकांच्या ॲसिडची. काही क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराईड असतं. हलकं असेल तर लागल्या लागल्या आग होतेच असं नाही, दुखणं काही तासांनी सुरू होतं आणि तोवर ते आत उतरलेलं असतं. माझं स्पष्ट मत आहे की हा माल घरी किंवा छोट्या शेडमध्ये आणूच नये. अलॉय चाकांवरची ब्रेकची धूळ आयर्न रिमूव्हरनं निघते. तो लोखंडाला लागला की जांभळा होतो, वास सोसवत नाही, पण त्याच्यासाठी ६ मिलचं नायट्राईल पुरतं. तरीही तुमच्याकडे ते ॲसिड असेलच, तर लांब जाड हातमोजा, चष्मा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ हवं. अंगावर उडालं तर भरपूर पाण्यानं धुवा, जेल लावा आणि दुखायची वाट न पाहता मेडिकल किंवा मेयो, यांपैकी जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. बाटली सोबत न्या.

माप आधी घ्या. अंगठा सोडून तळव्याचा घेर इंचात मोजा. ८ आला तर मीडियम, ९ आला तर लार्ज. सैल मोज्याचं टोक पॉलिशरच्या पॅडकडे ओढलं जातं, म्हणून मशीनवर बसताना अंगाबरोबर बसणारा मोजाच घाला. कापडी होजिअरी मोजा फिरत्या पॅडजवळ नको. अंगठी, कडं काढून ठेवा, नखं कापा.

आपल्या नागपुरात उन्हाळ्याचं वेगळं पाहावं लागतं. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि दरवर्षीच्या मे महिन्यात टिनाच्या शेडखाली दहा मिनिटांत मोज्यात घामाचं पाणी साचतं. भिजलेली कातडी मऊ पडते, चिरते, आणि केमिकल तिथूनच घुसतं. जाड मोज्याखाली पातळ सुती मोजा घाला, त्याच्या तीन-चार जोड्या वाळवून ठेवा, आणि मध्ये मध्ये हात उघडे करून पुसा. भाऊ, सकाळी सहाला सुरू केलेलं काम दुपारच्या कामापेक्षा हाताला कितीतरी सोसतं. मोज्यांचा डबा गाडीच्या डिकीत किंवा उन्हात ठेवू नका, रबर कडक होऊन तडकतं.

किती लागतील? डब्यात १०० नग म्हणजे ५० जोड्या. एका पूर्ण गाडीला सहा-सात जोड्या सहज जातात. चाकांची जोडी बॉडीला लावायची नाही. कोटिंगला तर जोडी वरचेवर बदला. बोटाच्या टोकावर सुकलेला कोटिंगचा थेंब काचेसारखा टणक होतो, आणि तेच बोट बॉनेटवर टेकलं की बारीक ओरखडा उमटतो. रात्री ट्यूबलाईटखाली तो दिसत नाही, सकाळच्या तिरप्या उन्हात मालकाला दिसतो.

सीटखाली हात घालणार असाल तर नायट्राईलवर भरवसा ठेवू नका. तिथं रेलच्या धारदार कडा असतात, फुटलेली काच असते. त्याला कट-रेझिस्टंट मोजा. स्टीम मशीन असेल तर उष्णता सोसणारा वेगळा ठेवा.

घालण्याआधी जाड मोजा तोंडाशी गुंडाळून फुगवा आणि दाबा, हवा कुठून निघते ते गालाला कळतं. छत किंवा व्हील आर्चची वरची बाजू धुताना मनगटाकडची कड दोन बोटं बाहेर दुमडा, म्हणजे ओघळ कोपराकडे न जाता त्या घडीत अडकतो. काढताना जाड मोजा हातात असतानाच वरून धुवा. पातळ असेल तर मनगटाशी बाहेरून चिमटीत धरून उलटा सोलून काढा आणि दुसरा त्याच्यावरच उलटा करा. थिनरचे मोजे झाकणाच्या डब्यात टाका, सिगारेट ओढणाऱ्यांच्या कोपऱ्यापासून लांब.