उन्हाळ्यात कपॅसिटर बँक फुगू नये म्हणून काय करावं

रबाळे, महापे, तुर्भे किंवा वागळे इस्टेट, कुठल्याही पत्र्याच्या शेडमधलं एपीएफसी पॅनेल (पॉवर फॅक्टर सुधारायला कपॅसिटर आपोआप जोडणारं-काढणारं) मे महिन्यात उघडा, एखाद्या तरी कपॅसिटरचं झाकण वर आलेलं दिसेल. तो काढून नवा बसवला जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात तोही फुगतो. चांगला एमपीपी (धातूचा थर दिलेल्या पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा) कपॅसिटर स्वतः फार तापत नाही, एका केव्हारमागे (कपॅसिटरची क्षमता मोजायचं एकक) जेमतेम अर्धा वॅट. त्याला तापवतात ते शेजारी: रिअ‍ॅक्टर (कपॅसिटरच्या आधी जोडलेली गुंडाळी), ढिला लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड), तुंबलेला फिल्टर आणि रात्री चढणारं व्होल्टेज. नवा कपॅसिटर मागवण्याआधी यातला कोण ते शोधा.

आधी नेमप्लेट वाचा. त्यावर '-२५/डी' असं काहीतरी छापलेलं असतं. 'डी' म्हणजे कपॅसिटरभोवतीची हवा जास्तीत जास्त ५५ अंश, चोवीस तासांची सरासरी ४५ आणि वर्षाची सरासरी ३५ अंश. 'सी' असेल तर हेच आकडे ५०, ४० आणि ३०. सगळे पहिला आकडा बघतात, आपल्याकडे अडचण शेवटच्याची आहे. खाडीकाठच्या दमट हवेमुळे रात्रीही पारा फारसा उतरत नाही आणि इथली वर्षाची सरासरी २७ अंशांच्या आसपास जाते. म्हणजे 'डी'लाही पॅनेलच्या आत जेमतेम ८ अंश वाढ परवडते. 'सी'ला तीनच, म्हणून तो इथे घेऊच नये.

मग तापमान मोजा, दुपारी तीनच्या सुमारास, सगळे स्टेप (पॅनेल एकेक करून जोडतं ते कपॅसिटरचे गट) चालू असताना. थर्मामीटरचा सेन्सर सर्वात गरम रांगेतल्या दोन कपॅसिटरच्या मध्ये हवेत लटकवा, डब्याला टेकवू नका. दार बंद करून तासभर थांबा, दार उघडं असताना घेतलेलं रीडिंग काही कामाचं नाही. टेम्परेचर गन वापरणार असाल तर एक गोम आहे: चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यावर ती खूप कमी आकडा दाखवते. लाईन बंद असताना डब्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून ठेवा आणि नंतर त्यावर नेम धरा.

त्याच वेळी ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटरने प्रत्येक स्टेपचे तिन्ही फेज मोजा. ४४० व्होल्ट, २५ केव्हारचा कपॅसिटर पूर्ण व्होल्टेजवर साधारण ३३ अँपिअर घेतो, ४१५ वर ३१. सत्तावीस-अठ्ठावीस दिसले तर आतली फिल्म झिजली आहे. चाळिशीच्या पुढे गेला तर हार्मोनिक्स (५० हर्ट्झच्या पटीतले नको असलेले करंट) आहेत, रेटिंगच्या १.३ पट, म्हणजे ४३ अँपिअर ही मर्यादा. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह), यूपीएस, इंडक्शन फर्नेस असलेल्या ठिकाणी नुसता कपॅसिटर टाकून भागत नाही, त्याच्याआधी हार्मोनिक्स अडवणारा ७ टक्क्यांचा डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर लागतो.

आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते. रिअ‍ॅक्टर असला की कपॅसिटरवर लाईनपेक्षा साडेसात टक्के जास्त व्होल्टेज येतं: ४४० चे ४७३. म्हणून तिथे ४८० किंवा ५२५ व्होल्टचा कपॅसिटर असतो. तो गेला की घाईत मुंबईच्या लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिक बाजारातून '२५ केव्हार' एवढंच सांगून ४४० व्होल्टचा आणला जातो. केव्हार तेच, पण मायक्रोफॅरड वेगळे: ४८० वाल्याचे एकूण सुमारे ३४५, ४४० वाल्याचे ४११. ट्यूनिंग (दोघांची मिळून रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी) १८९ हर्ट्झवरून १७३ वर घसरतं, करंट पाचव्या हिश्शाने वाढतो, रिअ‍ॅक्टर भाजायला लागतो आणि लाईन ४४० असताना नव्या कपॅसिटरवर ४८० व्होल्ट पडतात. कपॅसिटरला दहा टक्के जास्त व्होल्टेज दिवसातून आठ तासच चालतं. तेव्हा खरेदी करताना व्होल्ट, केव्हार आणि मायक्रोफॅरड, तिन्ही लिहून न्या.

आता हवा. रिअ‍ॅक्टरवालं २०० केव्हारचं पॅनेल साधारण दीड हजार वॅट उष्णता सोडतं. लागणारी हवा काढायचं सूत्र सोपं आहे: ३.१ गुणिले वॅट, भागिले परवडणारी तापमानवाढ. ३.१ × १५०० ÷ ८, म्हणजे तासाला सुमारे ५८० घनमीटर. फिल्टर आणि जाळी बरीच हवा अडवतात, त्यामुळे पंखे ९०० घनमीटरच्या आसपासचे घ्या. कपॅसिटर खाली, रिअ‍ॅक्टर वर. उलट मांडणी असेल तर पंखा कितीही मोठा लावला तरी खालची धग कपॅसिटरलाच लागते. रस्त्याची धूळ लक्षात घेता, खालून फिल्टरमधून हवा आत ढकलणारा पंखा छतावरच्या एक्झॉस्टपेक्षा बरा, नाहीतर दाराच्या प्रत्येक फटीतून धूळ ओढली जाते. थर्मोस्टॅट ३५ अंशांवर लावा. दुसरा थर्मोस्टॅट ५५ वर ठेवून त्यातून सगळे स्टेप ट्रिप करा. दार उघडं टाकून समोर पेडेस्टल फॅन लावायची पद्धत मात्र सोडा, त्यात पाली आत शिरतात आणि हात लागायचा धोका वेगळाच.

दोन डब्यांमध्ये किमान २५ मिलिमीटर आणि झाकणावर ३० मिलिमीटर मोकळं ठेवा. आत गॅस झाला की झाकण वर उचललं जाऊन आतली जोडणी तुटते, हीच त्याची सुरक्षा. वर जागा नसेल किंवा कडक बसबार (तांब्या-अ‍ॅल्युमिनियमची पट्टी) जोडला असेल तर झाकण उचललं जात नाही आणि डबा फुटतो. जोडणी लवचीक केबलनेच करा, २५ केव्हारला १६ चौरस मिलिमीटर तांबं.

लग घट्ट करण्याचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मेन बंद करून पाच मिनिटं थांबायचं, मग मीटरने प्रत्येक टर्मिनलवर व्होल्टेज नाही हे बघायचं, शॉर्ट करून अर्थ करायचं. साठलेला चार्ज काढणारा डिस्चार्ज रेझिस्टर उडालेला असू शकतो, म्हणून घड्याळावर विसंबू नये. लगजवळ इन्सुलेशन तपकिरी झालं असेल तर नुसतं आवळून उपयोग नाही. तेवढा तुकडा कापून नवा लग क्रिम्प करा आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळा. स्टेप चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरवरच्या गुंडाळीसारख्या रेझिस्टन्स तारा जळलेल्या दिसल्या तर कॉन्टॅक्टर बदला. साध्या मोटर कॉन्टॅक्टरने भागवू नका. पॅनेलच्या कंट्रोल रिलेमध्ये तोच स्टेप पुन्हा लागायच्या आधी किमान ६० सेकंद ठेवा.

रात्री शिफ्ट सुटल्यावर फिक्स्ड (रिलेशिवाय थेट जोडलेले) कपॅसिटर तसेच लाईनवर राहिले तर व्होल्टेज चढतं, ते टायमरवर टाका.

फिल्टर मॅट मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. पॅनेलच्या छतावर पंखा असेल तर पावसाआधी, मेअखेर, त्याची टोपी आणि गॅस्केट तपासून घ्या.